दाराला टेकलेला खराटा

टपालाच्या पेट्यांची अख्खी रांग रात्रीतून नाहीशी झाली होती. तौनोनं गाडीतून उतरून पापण्यांवरचा बर्फ झाडला आणि पुन्हा पाहिलं. कूसीवाराच्या फाट्यावर काल संध्याकाळपर्यंत गावातल्या झाडून सगळ्या घरांच्या पेट्या ओळीनं उभ्या होत्या. आज तिथं पुरुषभर उंचीचा बर्फाचा ढिगारा होता आणि त्यातून एका पेटीचं हिरवं झाकण तेवढं बाहेर डोकावत होतं.

“काउकोऽऽ! मेल्या, तुझा ट्रॅक्टर खड्ड्यात जावो!” तौनो ओरडला. रात्रभर रस्त्यावरचा बर्फ लोटून ट्रॅक्टरवाला काउको या वेळी घरी घोरत पडलेला असणार, तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं. पोस्टमन आणि बर्फ काढणारा यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य काही आजचं नाही. एकानं रस्ता मोकळा करायचा आणि नेमक्या दुसऱ्याच्या पेट्या गाडायच्या, हे दर हिवाळ्यात चालायचंच. पण निदान उपटून तरी टाकू नयेत की नाही?

एरवी तौनोनं फोन करून चार शिव्या हासडल्या असत्या. आज त्याला घाई होती. आदल्या दिवशी दुकानात बटाटे निवडता निवडता सायमी त्याला म्हणाली होती, “उद्या फेरी उरकली की कॉफीला ये. बहीण म्हणतेय, घर बंद कर आणि कायमची ओउलूला ये. संध्याकाळच्या बसनं जायचं की नाही, ते तुझ्याशी बोलून ठरवीन.”

“माझ्याशी?”

“नाही तर काय बटाट्यांशी?”

सायमीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून तिच्या पेटीत पत्र टाकताना तौनोचा हात जरा जास्तच वेळ आत राहायचा. बोलायचं मात्र नाव नाही. या गावचे पुरुष हवामानावर बोलले तरी दमतात. पण काल रात्री त्यानं आरशासमोर उभं राहून दोन शब्द पक्के पाठ केले होते, ‘जाऊ नकोस.’ तेवढे म्हटले की झालं. नाही म्हटले, तर उद्यापासून तिच्या पेटीत टाकायला काही उरणार नव्हतं.

तेव्हा पेट्या गेल्या उडत म्हणून त्यानं थैली खांद्याला मारली आणि घरोघर चालत टपाल आणि पेपर टाकायला निघाला. थंडी अशी, की शिंक बाहेर पडायच्या आधी गोठावी. प्रत्येक दारी तोच प्रकार. गुडघाभर बर्फ तुडवत ओट्यावर चढायचं, पायरीशी ठेवलेल्या खराट्यानं बूट झाडायचे आणि पेपर दाराशी ठेवायचा. वारा पेपर उडवून न्यायला बघे, म्हणून तो वर खराटा टेकवून ठेवायचा. तोंडानं ‘जाऊ नकोस, जाऊ नकोस’ चाललेलं. म्हाताऱ्या आर्मासच्या दारात आतून मांजर ओरडलं, तर त्यालाही हा म्हणाला, “जाऊ नकोस.”

दुपारी फेरी संपली. घरी जाऊन त्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि छाती पुढे काढून सायमीच्या फाटकात शिरला. ओट्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थिजला.

दाराला खराटा टेकलेला होता.

कूसीवारात दारांना कुलपं नाहीत. घरात कोणी नसलं की दाराला खराटा टेकवतात, की आलेल्यानं समजावं आणि मागं फिरावं. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. तान्ह्या पोरालाही हे कळतं.

“गेली?” तौनोच्या तोंडचं पाणी पळालं. “मला बोलावून गेली?” त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. कान गोठायला लागले, तसा तो हिल्काकडे वळला. हिल्का सायमीची शेजारीण, तिला सगळं ठाऊक असतं. हिल्काच्या दाराला खराटा! पलीकडच्या घरी गेला. खराटा! धडपडत आर्मासकडे पोचला, तर तिथंही खराटा!

आता मात्र हद्द झाली. खुब्याचं हाड मोडल्यापासून आर्मासनं दोन हिवाळे उंबरा ओलांडला नव्हता. तो म्हातारा कुठं गेला? असं काय आहे, की आर्माससुद्धा उठून जातो आणि आपल्याला पत्ताही नाही? आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. लग्न! सायमीचं लग्न! सगळं गाव गुपचूप चर्चमध्ये जमलंय. आणि नवरा कोण? तिच्या अंगणातला बर्फ फुकट काढून देणारा, तो नतद्रष्ट, तो पेट्यांचा वैरी काउको!

तेवढ्यात वळणावरून धडधडत ट्रॅक्टर आला आणि त्याच्यापुढे थांबला. नवरदेव तेलकट कोटात होते.

“तौनो!” काउको वरून घोगऱ्या आवाजात म्हणाला. “देवा रे, एक तरी माणूस भेटलं! गाव कुठं गेलंय?”

“तुझं लग्न नाही?”

“माझं? कुणाशी? अरे, दुपारपासून अंगणं साफ करतोय, एका घरी कॉफी नाही! जिथं जावं तिथं खराटा. बावीस वर्षांत असं झालं नाही रे. मला टाळतायत का सगळे? मी काय केलंय?” काउकोचा आवाज रडवेला झाला होता. “आणि त्याआधी तर कमालच झाली. झोपून उठलो, माझंच दार ओढलं, तर खराटा धाडकन पायावर पडला. म्हणजे मी घरात असताना मी घरात नाही! आणि त्याखाली पेपर. पेपर कधी दाराशी येतो का?”

तौनोला एवढ्या थंडीत दरदरून घाम फुटला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

“काउको,” तो कसाबसा म्हणाला, “मी ठेवला.”

“काय?”

“पेपर. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याला खराटा टेकवला. सगळ्यांकडे.”

काउकोनं कपाळावर हात मारला. मग एकदम तो गरजला, “गाढवा! अख्खं गाव घरात कोंडून ठेवलंस!”

“आणि पेट्या कुणी गाडल्या? मला दारोदार कुणी फिरवलं?”

यावर काउकोनं घसा खाकरला आणि आभाळाकडे पाहिलं. तौनो त्याच्या बाहीला लोंबकळला. “सायमीची बस निघायची वेळ झाली रे! मला तिच्या दारात सोड, तुलाही कॉफी देववतो. ताजी!”

“गोड पाव?”

“वेलदोड्याचा! चालव!”

ट्रॅक्टर इतका पळाला नव्हता कधी. सायमीच्या ओट्यावर तौनो उडी मारून चढला, खराटा बाजूला ओढला आणि दार बडवलं. दार उघडलं. सायमी कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून, बॅग हातात घेऊन उभी होती.

“सायमी, ते पेट्या... वारा... म्हणजे खराटा मी...”

“तू लावलास. माहीत आहे,” सायमी म्हणाली. “सकाळी खिडकीतून पाहिलं ना मी.”

तौनोनं हातातला खराटा पाठीमागे लपवला.

“म्हटलं, झालं, हे याचं उत्तर. तोंडानं सांगवत नाही, तर खराट्यानं सांगितलं, की माझ्या लेखी या घरात कोणी नाही. कोट घातला, बॅग भरली. तर दुपारी तूच इस्त्रीचा शर्ट घालून हजर! आपणच लावलेल्या खराट्याकडे भूत बघावं तसं बघितलंस, टोपी काढलीस, घातलीस आणि रडवेला होऊन गेलास. मी आपली पडद्याआड उभी. म्हटलं, या माणसाला झालंय तरी काय?”

“मग दार का नाही उघडलंस?”

“ज्यानं लावला त्यानं काढावा.” तिनं बॅग दुसऱ्या हातात घेतली. “बस खाली फाट्यावर येईल आता. काय ते बोल.”

तौनोनं तोंड उघडलं. रात्रभर घोकलेलं, मांजराला सुद्धा म्हणून दाखवलेलं, ते आत्ता येईना. फाट्याकडून बसचा भोंगा ऐकू आला आणि त्या दचक्यानं ते एकदाचं बाहेर पडलं.

“जाऊ नकोस!”

सायमीनं बॅग खाली ठेवली. “एवढ्या दोन शब्दांसाठी अख्खं गाव नाहीसं केलंस?” रुमालाच्या टोकानं तिनं डोळे पुसले. “चल आत. आणि बूट झाड आधी.”

तौनोनं बूट झाडले. सायमीनं त्याच्या हातातून खराटा घेतला, बाहेरून चौकटीला नीट आडवा टेकवला आणि आतून दार लोटून घेतलं.

अंगणात ट्रॅक्टर वळवून काउको हात चोळत ओट्याशी आला, तर समोर खराटा. त्यानं दाराकडे पाहिलं, खिडकीतल्या उजेडाकडे पाहिलं, आतून येणारा वेलदोड्याचा वास हुंगला. “आत्ता तर...” तो पुटपुटला. पण रीत ती रीत. टोपी सारखी करून तो मुकाट्यानं मागं फिरला आणि जाता जाता सवयीनं फाटकापुढे पुरुषभर उंचीचा ढिगारा लोटून गेला.

दुसऱ्या दिवशी कूसीवारात पेपर दुपारनंतर आला.