नानांच्या गोळ्यांचे डबे

डायलिसिस संपलं, सुया निघाल्या, की कधी एकदा घरी जाऊन आडवं पडतो असं होतं. पण आमच्या नशिबी ते सुख नाही. शेजारच्या खाटेवरचे नाना उठून येतात आणि म्हणतात, "आ कर. जीभ वर कर." व्हिटॅमिनची गोळी खरंच गिळली की नाही, हे पाहिल्याशिवाय ते कोणाला दाराबाहेर जाऊ देत नाहीत.

नाना रावेरकडचे केळीवाले. बायको गेली, मुलगा पुण्याला, म्हणून उपचारापुरते जळगावात मेहरूणला खोली घेऊन राहतात. जन्मभर केळी पिकवली आणि आता पोटॅशियमपायी एक केळं खायची सोय नाही. "वैऱ्यावर बी अशी पाळी नको," म्हणतात.

ही गोळी मशीनवर जायच्या आधी नाही, नंतर घ्यायची, हे सिस्टरनं एकदा सांगितलं. झालं! तेव्हापासून नाना प्रत्येक नव्या पेशंटला धरतात. "भाऊ, आधी खत टाकलं अन् मंग मोकाट पाणी सोडलं, तर बठ्ठं खत वाहून जाईन का नही? मशीन बी तसंच, जीवनसत्त्वं धुऊन नेतं. पाणी आधी, खत मंग!" हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. पण त्यांच्यावर ओरडायलाही अंगात जीव लागतो, तो कुठून आणू?

परवा डायलिसिसनंतर पाय लटपटत होते, म्हणून त्यांच्या खोलीवर टेकलो. पाहतो तर फळीवर बाजारातल्या मल्टिव्हिटॅमिनचे मोठाले डबे, सगळे रिकामे. माझं डोकंच फिरलं. त्यातलं 'अ' जीवनसत्त्व मशीननं निघत नाही, आपल्या अंगात साठत जातं, म्हणून डॉक्टरांनी आम्हाला बजावून ठेवलंय.

"नाना, दुसऱ्यांच्या जिभा वर करता, आणि स्वतः हे विष खाता?"

"हात् तुझी! खातो कोण? संडासात ओततो."

"मग आणता कशाला?"

"पोरगा धाडतो. डबा संपत आला का फोन करतो, नाना, दुसरा पाठवू का? मंग त्याच्यावरून पाऊस, पाणी, नातीची शाळा, बठ्ठं निघतं."

"अहो, सांगून टाका ना त्याला, मला चालत नाहीत म्हणून."

"अन् मंग त्यानं फोन कशासाठी करायचा?"

तेवढ्यात मुलाचा फोन आलाच. नानांचा आवाज एकदम पंचवीस वर्षांनी तरुण झाला. फोनचा आवाज एवढा मोठा की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"नाना, आता तुम्हाला कटकट नाही. मी ऑनलाइन लावून टाकलंय. दर महिन्याला डबा आपोआप दारात येईल, विचारायचीसुद्धा गरज नाही. चला, मीटिंग आहे."

"बरं केलं रे बाबा," नाना म्हणाले. "लई ताकद येते त्या गोळ्यांनी."

पलीकडून फोन कधीच बंद झाला होता. नाना तो कानाला धरूनच बसले. मला फार वाईट वाटलं.

मग फोन खाली ठेवून ते म्हणाले, "भाऊ, चहा ठेवू? बस ना जरा."

आम्हाला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. माझा त्या दिवसाचा वाटा केव्हाच संपला होता.

"ठेवा," मी म्हणालो.