पाण्याचा थांबा

गोजर गेली त्या दिवशी शहापूर-मुरबाड मोटार बोरीच्या वाडीपाशी नेहमीसारखीच थांबली होती. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चालायची. वाडीपर्यंत येता येता तापायची, आणि वाडीतल्या बाया विहिरीतून हंडे भरून तिला पाणी द्यायच्या. त्या दिवशी कोंडूने तापाने फणफणलेल्या बायकोला, गोजरला, बाजेवर घालून मोटारीपाशी आणलं.

"नामा, मुरबाडच्या दवाखान्यात सोड रे हिला."

"कोंडूदादा, हा पाण्याचा थांबा हाय, उतारूंचा नाय," ड्रायव्हर नामा म्हणाला. "हिला चढवली तर माझी नोकरी जायची."

मोटार निम्मी रिकामी होती. ती पाणी प्यायली आणि गेली. चौघांनी बाज खांद्यावर घेतली. मुरबाडची घरं दिसू लागली तेव्हा मागून शेजारचा गणू म्हणाला, "कोंडू, बाज खाली ठेव." तेव्हा कळलं. मोटारीच्या कामकाजात नियमाबाहेर काहीही घडलेलं नव्हतं.

दिवसकार्य आटोपल्यावर कोंडू मुरबाडला मोटारीच्या मॅनेजरांकडे गेला. गणू बरोबर होता. त्याच्या सुनेचे दिवस भरत आले होते.

मॅनेजरांनी दुखवटा व्यक्त केला आणि विचारलं, "थांबा उतारूंसाठी असतो. उतारू म्हणजे कोण?"

"गाडीत बसतो तो."

"चूक. उतरतो तो उतारू. तुमच्या वाडीला आजवर कोण उतरलंय?"

"कोन उतरंल, सायेब? चढूच देत नाय तुमी."

"तेच म्हणतोय. उतारू नाहीत, म्हणून थांबा नाही."

"मंग आमी हितून बसतो आन् वाडीला उतरतो."

"उत्तम! तशी गरज दाखवून द्या."

दुसऱ्या दिवशी वाडीतली माणसं मुरबाडला चालत गेली आणि तिकिटं काढून मोटारीत बसली. वाडीपाशी मोटार थांबताच ती उठली. नामाने दार अडवलं. थांबा नसलेल्या जागी उतारू उतरवता येत नव्हते. मोटारीने पाणी घेतलं, सगळ्यांना शहापूरला नेलं, आणि माणसं तिथून चालत घरी आली. असं आठवडाभर चाललं. मॅनेजरांनी शेरा मारला की वाडीचे लोक शहापूरला जातात, वाडीला कुणीच उतरत नाही.

"आपून माणसं हाव, हीच खोट," गणू म्हणाला. "कोळशाची पोती असतो तर हात धरून चढवलं असतं."

मग वाडीने पाणी बंद केलं. मोटार आली आणि वाफ सोडत उभी राहिली. बाया हंडे पालथे घालून त्यांवर बसल्या. दोरही वाडीचा, तो कोंडूच्या खांद्यावर. आतली मंडळी उकाड्याने हैराण होऊन एकेक करून रस्त्यावर आली.

गणू ओरडला, "कोंडू, बघ रे! उतरले! वाडीला उतारू उतरले!"

मॅनेजर त्या दिवशी आत होते. ते म्हणाले, "हे उतरणं नव्हे. हा खोळंबा आहे."

टोपी घातलेले एक गृहस्थ पुढे आले. "माणुसकी आहे की नाही तुम्हा लोकांना? माझ्या आईला दवाखान्यात न्यायचंय!"

कोंडूने मोटारीत डोकावलं. म्हातारी बाकावर आडवी होती. तिच्या तोंडाला कोरड पडली होती. त्याने दोर विहिरीत सोडला. पहिला तांब्या त्याने म्हातारीला दिला, मग इंजिनात पाणी ओतलं.

"सायेब, थांब्याचं?" त्याने विचारलं.

"गरज दिसली पाहिजे," मॅनेजर आत चढता चढता म्हणाले.

वाचकहो, तुम्ही होतात त्या मोटारीत. खेड्यातली माणसं मनाने किती मोठी, असं तुम्हीच म्हणालात, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवलीत.

गणूच्या सुनेचे दिवस भरले आहेत. वाडीला थांबा अजून मिळालेला नाही.