भास्करराव बसत नाहीत

भास्करराव पिंगळे बसत नाहीत. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते ओट्यापाशी उभ्याने जेवतात, गॅलरीच्या कठड्यावर पेपर पसरून उभ्याने वाचतात. कुणाकडे भेटायला गेले तर दाराच्या चौकटीला टेकून राहतात आणि खुर्ची पुढे केली की हात जोडतात. "बसा तुम्ही, मी आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुःखाच्या घरी त्याचा अर्थ चांगला लागतो. बँकेत लोक वळून बघतात.

अंबडच्या एका कारखान्यात ते क्वालिटी विभागात आहेत. तिथली खुर्ची त्यांनी स्वतः स्टोअरला परत केली. कारण विचारलं की ते आरोग्याचं सांगतात. माणूस बसायला लागला की पोट सुटतं, गुडघे जातात, डोकं चालेनासं होतं. स्वतः रोज सकाळी सोसायटीला फेऱ्या मारतात आणि गच्चीवर जोर काढतात. मान पैलवानाची, शर्टाचं वरचं बटण लागत नाही. याचाही त्यांना अभिमान.

सोसायटीचे सेक्रेटरी झाले तेव्हा त्यांनी ऑफिसातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या गच्चीवर नेऊन ठेवल्या. सभा उभ्याने होऊ लागल्या. पाण्याच्या टाकीचा जुना वाद पहिल्याच सभेत मिटला, कारण दोन्ही बाजूंचे पाय दुखू लागले. पुढच्या वर्षी सेक्रेटरी बदलला आणि खुर्च्या खाली आल्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, मधुराचं, लग्न ठरलं. मुलगा चांगला, माणसं साधी, सगळं सुरळीत. अडचण एकच होती. कन्यादानाला आईवडिलांना पाटावर बसावं लागतं.

भास्कररावांनी जाहीर केलं की कन्यादान नांदगावचा धाकटा भाऊ आणि भावजय करतील. भाऊ दुसऱ्याच दिवशी येऊन धडकला. त्याचा आवाज जिन्यात ऐकू येत होता. "दादा, पोरगी तुझी हाय. मी पाटावर बसलो तर लोकं म्हणतील, बाप मेला काय?" भास्करराव उभ्याने ऐकत राहिले. मधुराने बापाशी भांडण केलं नाही, बोलणंच सोडलं. आईला एवढंच म्हणाली की पप्पा बसणार नसतील तर कन्यादान नको, रजिस्टर लग्न करू.

त्या रविवारी ते माझ्याकडे आले आणि आमच्या फ्रिजपाशी उभे राहिले. आमचं घर त्यांच्या बरोबर खाली आहे. त्यांचं घोरणं पंख्याच्या दांडीतून आमच्याकडे उतरतं. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना ते माहीत असावं.

"बसलो की मी झोपतो," ते म्हणाले. नजर फ्रिजवरच्या मॅग्नेटकडे होती. "रात्रभर झोपतो, तरी सकाळी झोपलोच नव्हतो असं वाटतं. बसलो की गेलो."

मग त्यांनी मधुराच्या कॉलेजातली वक्तृत्व स्पर्धा सांगितली. ती स्टेजवर छान बोलत होती. हे दुसऱ्या रांगेत बसलेले. कधी डोळा लागला ते कळलं नाही. जाग आली तेव्हा सगळा हॉल हसत होता आणि मधुरा भाषण अर्धवट सोडून गप्प उभी होती. पुढचं तिला सुचलंच नाही. ती तशीच खाली उतरली.

"तिला वाटलं, लोक तिला हसले," भास्करराव म्हणाले. "मी घोरलो म्हणून हसले, हे मी सांगितलं नाही. धीर झाला नाही." तेव्हापासून ते बसले नव्हते. फेऱ्या, जोर, सगळं तेव्हापासूनचं. शरीर कसलं की घोरणं जाईल, अशी त्यांची समजूत होती. ती चुकीची ठरली तरी त्यांनी सोडली नव्हती.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. एक रात्र दवाखान्यात राहून, झोपेत अंगाला वायरी लावून तपासणी करायची होती. घरी त्यांनी कारखान्यात ऑडिट आहे असं सांगितलं. रिपोर्टमध्ये आलं की झोपेत त्यांच्या गळ्यातली हवेची वाट बंद होते, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो आणि पुन्हा तेच. रात्रभर. "पण मी जोर काढतो," भास्करराव म्हणाले. डॉक्टर म्हणाले, जरूर काढा, त्याचा फायदाच आहे. पण हा आजार आहे, तो जाड मानेच्या माणसांत जास्त दिसतो, आणि याला मशीन लावावं लागेल. मानेचं ऐकून ते जास्त खजील झाले.

मशीन आलं. नाकावर मास्क, त्याला नळी. घरी आता सांगावंच लागलं, पण घराबाहेर सांगायचं नाही अशी त्यांनी ताकीद दिली. काही आठवड्यांनी त्यांच्या पत्नी सुमनवहिनींनी आमच्याकडे बातमी आणली की पोहे यांनी खुर्चीवर बसून खाल्ले आणि खाऊन झाल्यावरही जागे होते. भास्कररावांनी पाटावर बसायचं कबूल केलं. मधुरा पुन्हा बोलू लागली.

मग लग्नाचे पाहुणे आले. हॉलभर गाद्या पडल्या. नांदगावचे भाऊ-भावजय आणि व्याह्यांकडचे लोक यांच्यासमोर नाकाला नळी लावून झोपायचं, हे भास्कररावांना जमेना. मशीन माळ्यावर गेलं. थोड्या रात्रींनी काय फरक पडतो, असं ते वहिनींना म्हणाले.

लग्नाच्या दिवशी लॉन्सवर त्यांनी मला बाजूला घेतलं. कन्यादानाला त्यांच्या मागे बसायचं आणि मान कलली की टोचायचं, हे काम माझ्याकडे आलं. "पेनाने टोचा," ते म्हणाले. "पेपरवाले ना तुम्ही, सवय असेल."

मंगलाष्टकं उभ्याने झाली. तोवर ते ठीक होते. मग पाट मांडले, ते बसले, वहिनी शेजारी बसल्या. समोर मधुरा आणि जावई. गुरुजींचा संकल्प लांबत गेला. भास्कररावांची मान खाली आली आणि पहिलं घोरणं गुरुजींच्या कॉलरच्या माइकने उचलून सगळ्या लॉन्सभर पोचवलं.

लोक हसले. मागे मोबाइल वर झाले. मी पेन काढलं. तेवढ्यात घोरणं तुटलं. मधुराने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून, आणि गुरुजींना हाताने थांबवलं. ती वडिलांच्या छातीकडे बघत होती. मंत्र थांबला, हसणं ओसरलं. स्पीकरवर काहीच नव्हतं. मग आचका देऊन श्वास आला आणि भास्करराव जागे झाले.

त्यांनी लोकांकडे पाहिलं, मग मुलीकडे. चेहरा उतरला. गुरुजींनी माइक मुठीत धरला.

"मधू," ते म्हणाले, "तेव्हा कॉलेजातही मीच होतो."

"माहितीये पप्पा. तुमचा आवाज मला कळत नाही का?" ती हळू म्हणाली. "लोक हसले त्याचं काही नव्हतं. तुमचा आवाज बंद झाला म्हणून मी थांबले. श्वास येईपर्यंत पुढचं आठवेना. तुम्हाला लाज वाटेल म्हणून कधी बोलले नाही." मग म्हणाली, "घरीही मी तेच ऐकत झोपायचे. आता आजपासून कोण ऐकेल?"

भास्कररावांनी उपरण्याने तोंड पुसलं. वहिनींकडे वळून म्हणाले, "सुमन, घरी गेलो की माळ्यावरचं मशीन काढू. पाहुणे असू देत."

"कसलं मशीन, दादा?" मागून भावाने विचारलं.

"झोपेत श्वास थांबतो माझा," भास्करराव म्हणाले. मागच्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले. मग त्यांनी गुरुजींपुढे ओंजळ धरली आणि वहिनींना पाणी सोडायला सांगितलं.