अचूक आणि केळं

"दुसऱ्या दृश्यात सरायच्या दारावरचा तिसरा कंदील फोडा. मांजर उडी मारतं. एक जीव जास्त मिळतो. – केळं"

इगाराशीने वहीतला मजकूर दोनदा वाचला, यंत्रात नाणं टाकलं, बंदूक उचलली आणि कंदील फोडला. मांजराने उडी मारली.

जपानमधल्या योनागो गावात, मोरिवाकी काकूंच्या गेम सेंटरमध्ये दरोडेखोरांवर गोळ्या झाडायच्या या यंत्राला एक वही सुतळीने बांधलेली होती. खेळात दडलेली गंमत ज्याला सापडेल त्याने ती टोपणनावाने वहीत लिहायची, अशी रीत. अकरा वर्षं वहीवर 'अचूक'चं राज्य होतं. अचूक म्हणजे इगाराशी. आठवडाभर तो लोकांच्या नावांचे शिक्के कोरायचा. त्याचा हात कधी हलला नाही, आणि शनिवारी दरोडेखोरांवर झाडलेली गोळी कधी वाया गेली नाही.

पण तो सोळा शोधांवर अडकला होता. केळं या मांजरासकट सोळावर पोचलं होतं. वहीची दोनच पानं उरली होती, आणि नव्या वहीच्या पुठ्ठ्यावर सर्वांत जास्त शोध लावणाऱ्याचं नाव घालायचं काकूंनी कबूल केलं होतं. इगाराशीने त्यासाठी 'अचूक'चा शिक्का कोरूनही ठेवला होता.

"काकू, हे केळं म्हणजे कोण हो?"

"सांगायचं नसतं. तुझं नाव मी फोडलं का कधी?"

"माझं सगळ्या गावाला माहीत आहे."

"ते तूच सांगत फिरलास."

इगाराशीने दात-ओठ खात पेन उचललं.

"चौथ्या दृश्यात एकाही दरोडेखोराला न मारता देवळाच्या घंटेवर छत्तीस गोळ्या झाडा. पुजारी बाहेर येऊन दहा जीव देतो. – अचूक"

असं काहीही नव्हतं. बसू दे केळ्याला नाणी ओतत.

पुढच्या शनिवारी त्याच्याखाली उत्तर होतं.

"अचूकसान, पुजारी आला नाही, पण एक तानुकी, गोष्टीतला तो ढेरपोट्या रानकुत्रा, पोट बडवत बाहेर आला आणि बारा जीव देऊन गेला. आपल्यासारखं डोकं आमच्याकडे कुठलं! – केळं"

त्याखाली तिसऱ्याच अक्षरात: "आम्हाला जमलं नाही. अचूकसाननी करून दाखवावं."

इगाराशीने घंटेवर छत्तीस गोळ्या झाडल्या. छत्तीसही लागल्या. कोणी आलं नाही.

केळ्याच्या सगळ्या नोंदी बुधवारच्या होत्या. बुधवारी इगाराशीने दुकान बंद ठेवलं आणि तो बाहुल्यांच्या यंत्रामागे दबा धरून बसला. तीन वाजता समोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून काळा चष्मा लावलेली एक म्हातारी चाचपडत आली. पिशवीतून केळी डोकावत होती.

"या, हामासाकी आजी. घातले वाटतं थेंब?" काकूंनी विचारलं.

"घातले बाई. आता दोन तास सगळं धुकं. घरी भिंतींना धडकण्यापेक्षा इथे बरं. तो तानुकी बघू परत. घंटा कुठेशी आहे गं?"

"उजवीकडे."

आजींनी गोळ्या झाडल्या. एक चंद्राला लागली, एक बादलीला, एक धुरांड्याला. छत्तीस गोळ्या छत्तीस दिशांना गेल्या. घंटेला एकही लागली नाही. तानुकी पोट बडवत बाहेर आला. नेमकी कुठली गोळी कामाला आली, ते देवालाही सांगता आलं नसतं.

इगाराशीने यंत्रामागे कपाळावर हात मारला. अकरा वर्षं तो जे फोडायचं तेच फोडत आला होता, आणि खेळ बनवणाऱ्यांनी सगळी गंमत नेम चुकणाऱ्यांसाठी लपवली होती.

"म्हणजे आजी, तुमचे झाले सतरा," काकू म्हणाल्या.

"छे गं, हा अचूकसानचा. मला कुठे सुचलं असतं? त्यांच्याच नावावर लिही."

आजींनी हे इतक्या मनापासून म्हटलं, की इगाराशीला त्यांचा आणखीच हेवा वाटला. इतकं मोठं मन तर त्याला कधी कोरूनही काढता आलं नसतं.

शनिवारी नव्या वहीवर त्याचाच शिक्का उमटला. भोवती नऊजण उभे होते.

"आता तानुकी दाखवा, अचूकसान."

"आज मनगट धरलंय."

"पुढच्या शनिवारी दाखवेल की," काकू म्हणाल्या. "पळून कुठे जातोय?"

रविवारपासून तो रोज येऊन सराव करू लागला. डाव्या हाताने, पाठ फिरवून, डोळे मिटून. टण्. टण्. टण्. दर वेळी घंटाच.

बुधवारी तो समोरच्या दवाखान्यात जाऊन बसला. शेजारच्या खुर्चीवर काळा चष्मा लावून हामासाकी आजी केळं सोलत होत्या.

"काय त्रास होतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नेम चुकत नाही, डॉक्टर," इगाराशी हळूच म्हणाला. "थेंब घाला."