अकरापानी उत्तर

जुन्या मित्राच्या विधवा बायकोच्या, नोराच्या पत्राला थ्वेटमास्तरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. "त्यात काय! चहा निवायच्या आत लिहून टाकतो!" असं ते स्वतःशी म्हणाले, त्याला पाच आठवडे झाले.

पत्रात होतं: ‘जॉर्ज गेल्यापासून त्याची गळाची काठी नुसती उभी आहे. मे महिन्यात तिकडे येऊन तुमच्याकडून नदीतले ट्राउट मासे धरायला शिकू का? काय काय लागेल? एप्रिलअखेर उत्तर आलं नाही, तर नको आहे असं समजेन आणि काठी विकून टाकीन.’

आज एकोणतीस एप्रिल!

मास्तरांचं घोडं नदीपाशी अडलं होतं. सोमवारी लिहावं, ‘पाणी नितळ आहे’, तर मंगळवारी डोंगरात पाऊस आणि पाणी काळ्या चहासारखं! की पुन्हा नवं पान. पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा, बुटांची उंची, दोऱ्याची जाडी... अकरा पानं झाली. आता गळाला बांधायची पिसांची माशी, नमुन्यादाखल एक, सोबत घातली की संपलं! पण त्या माशीला लागणारं निळसर राखाडी पीस अख्ख्या खोऱ्यात एकाच्याच मानेवर होतं. शेजारच्या डिन्स्डेलबाईंच्या कोंबड्याच्या!

मागायची लाज वाटली. बाई बाजाराला गेल्यासारख्या वाटल्या, तसे मास्तर दगडी कुंपण ओलांडून आत उतरले. कोंबडा पुढे, मास्तर मागे! नदीकाठी कोंबडा वळला. मास्तरांना वळता आलं नाही.

धप्प! सपातांसकट, खिशातल्या अकरा पानांसकट!

"मास्तर! या वयात कोंबडीचोरी?" बाई घरातच होत्या.

"नाही हो... दोनच पिसं... नोरासाठी..."

"जॉर्जच्या नोरासाठी? मग मागायची की! मेला पहाटे चारला आरवतो, अख्खी मान दिली असती!"

बाईंनी त्यांना घोंगडीत गुंडाळून शेगडीपुढे बसवलं, पानं वाळत घातली आणि वाळता वाळता वाचलीही. अकराव्या पानाशी त्यांनी चष्मा काढला.

"मास्तर, ती विचारतेय, येऊ का. यात ‘या’ कुठंय?"

मास्तरांनी अकराही पानं चाळली. नव्हतं.

"ते... ओघानं कळतंच ना?"

"ट्राउटला कळत असेल. बाईमाणसाला लिहून द्यावं लागतं!"

मास्तरांचे कान लाल झाले. बाईंकडच्याच एका कार्डावर त्यांनी लिहिलं: ‘नोरा, या. काठी घेऊन या. मी वाट पाहतो आहे.’ शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

कार्ड टपालपेटीत पडलं. मास्तर चार पावलं गेले, घाईनं परतले आणि पेटीच्या फटीला तोंड लावून म्हणाले,

"वारा बहुधा पश्चिमेचा असेल!"