रुक्माआत्याची काडीबंदी

रुक्माआत्याच्या रानात शिरायचं तर आधी खिसे दाखवावे लागतात. ती फाटकापाशी उभीच असते. "खिसा," एवढंच म्हणते. शर्टाचा खिसा स्वतः चाचपते, पँटचे आपल्याला उलटे करून दाखवायला लावते. काडीपेटी, लायटर, विडीचं बंडल, जे निघेल ते तिच्या पिशवीत जातं आणि निघताना परत मिळतं. तलाठी असो की व्याही, सूट नाही. एकदा तिच्या भाचीचा होणारा नवरा रान बघायला आला. आपण ओढत नाही, असं त्यानं बोलणीच्या वेळी सांगितलं होतं. सगळ्यांसमोर त्याच्या खिशातून लायटर निघाला. लग्न झालं, पण जावई पुन्हा त्या रानाकडे फिरकला नाही.

रुक्माआत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. बदनापूरच्या अलीकडे तिची दोन एकर झाडी आहे. कडुनिंब, साग, बांबू आणि आपोआप उगवलेल्या बाभळी. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून ती तिथेच एका खोलीच्या घरात राहते. मुलगा पुण्याला असतो. तिला लागूनच माझा एक एकर आहे. मी जालन्यात हिशेब तपासण्याचं काम करतो. शेती करणं जमेना, म्हणून त्या एकरात मी झाडं लावली. लावायची कशी हे सांगणारे पुष्कळ भेटले. लावलेली सांभाळायची कशी हे फक्त आत्यानं सांगितलं, तेही रागावून.

जड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, नाहीतर पडताना खोडाची साल सोलून नेते. हे मी एक सागवान बिघडवल्यावर शिकलो. विरळणीच्या वेळी कोणतं झाड काढावं ते मला ठरवता येईना. मी प्रत्येक बुंध्याचा घेर टेपनं मोजत बसलो. आत्या कोयता घेऊन मागे उभी होती.

"टेपवाल्या, मोजून झालं का? मंग आता वर बघ. दोघं एकाच ताटात जेवून राह्यले. एकाला उठव."

वर पाहिलं तर दोन शेंडे खरंच एकमेकांत घुसले होते.

सर्वांत मोठा धडा होता जाळपट्ट्याचा. उन्हाळ्याआधी रानाच्या चारी बाजूंनी दहा फूट रुंद पट्टा गवत कापून, पाला झाडून मातीपर्यंत स्वच्छ करायचा. त्यात एक वाळलेलं पान दिसलं तरी आत्या बेचैन व्हायची.

गेल्या एप्रिलमध्ये तिनं आम्हाला पट्टा पुन्हा झाडायला बोलावलं. मी, शेजारचा बाबूराव आणि त्याची बायको सिंधू. रिवाजाप्रमाणे खिसे रिकामे करून आत गेलो. दुपारी पश्चिमेच्या शेतात कोणीतरी पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग पेटवले. वारा सुटला आणि आग ढीग सोडून मधल्या पडीक माळावर आली. तिथे कमरेइतकं कुसळी गवत वाळून उभं होतं. त्या वाऱ्यात दहा फुटांचा पट्टा आग अडवणार नाही, हे मलाही कळत होतं. सहा वर्षांची माझी झाडं आणि तिची तीस वर्षांची, सगळी एकाच रांगेत उभी होती.

आत्यानं चिमूटभर माती वर उडवून वारा पाहिला. मग म्हणाली, पट्ट्याच्या पलीकडचं गवत आपणच पेटवायचं. आपली आग तिकडे सरकत जाईल, आणि येणाऱ्या आगीला खायला काही उरणार नाही.

"काडी द्या कोणी. जल्दी."

बाबूराव चाचरत म्हणाला, "आत्या, सकाळी तुम्हीच घेतली."

पिशवी घरात होती आणि घर रानाच्या दुसऱ्या टोकाला. मी जाऊन यायचा वेळ मनात मांडला, आगीचा मांडला. हिशेब जुळत नव्हता.

आत्यानं बांधावरची एक वाळली पऱ्हाटी उचलली, पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि सरळ आगीकडे चालू लागली. सिंधूनं हाका मारल्या. धुरात आत्या दिसेनाशी झाली. मी पट्ट्याजवळच्या पाण्याच्या टाकीत गोणपाट बुडवून धावलो. पाच-पंचवीस पावलं गेलो असेन, तेवढ्यात ती खोकत बाहेर आली. पऱ्हाटीचं टोक पेटलेलं होतं आणि त्याला तिनं दुसऱ्या हाताचा आडोसा धरला होता.

"बघून काय राह्यले? फांद्या घ्या."

तिनं कडेनं गवत पेटवत नेलं. ज्या ठिणग्या आमच्याकडे उडत, त्या आम्ही निंबाच्या ओल्या फांद्यांनी बडवल्या. मध्येच वारा वळला आणि आगीनं तिच्या बाजूचे साग धरले. मी तिकडे वळलो तशी ती ओरडली, "माझं जाऊ दे. तुझी लहान हायत, ती बघ." थोड्या वेळानं दोन्ही आगी एकमेकींना भिडल्या, ताडासारखी उंच ज्वाळा उठली आणि बसली.

तिचे सहा साग आणि एक जुनी बाभूळ गेली. भुवयाही गेल्या. संध्याकाळी निघताना तिनं बाबूरावची काडीपेटी नियमाप्रमाणे परत केली.

विझलेली आग बुडख्यात लपून राहते, म्हणून पाणी ओतायचं, राख ढवळायची आणि हाताची पाठ टेकवून धग बघायची, असं तिनं शिकवलं. दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं. धग होती. त्यानंतरही होती. आठवडा उलटला तरी तिचा फोन आला, "बाभळीच्या बुडख्यात धग हाय अजून. येऊन जा." इतके दिवस कशी राहील, असं माझी बायको म्हणाली. मलाही पटत नव्हतं. तरी गेलो.

बुडख्याजवळ गोणपाट अंथरलेलं होतं. चहाची किटली होती, दोन कप होते. मी वाकून हाताची पाठ टेकवली. लाकूड गार होतं. त्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. आत्या माझ्याकडे न बघता बांबूंकडे पाहत होती.

"हाय ना?" तिनं विचारलं.

"आहे थोडी," मी म्हणालो. "उद्याही बघावी लागेल."

"तेच म्हणलं मी," ती म्हणाली आणि चहा ओतू लागली.