मित्राची पहिली रपेट

घोडेस्वारीचा पहिला धडा रविवारी सकाळी मेहरूण तलावाकाठी होता आणि वृषालीच्या घरात शनिवारपासूनच लोडावर रपेट सुरू झाली होती. सहा वर्षांची मित्रा लोडावर बसायची, वृषाली तो गदागदा हलवायची आणि "पाठ ताठ ठेव!" म्हणून ओरडायची. ती स्वतः जन्मात घोड्यावर बसली नव्हती. म्हणूनच, लेकीनं न रडता एक फेरी पुरी करावी, एवढंच तिचं मागणं होतं.

घोडं अडलं हेल्मेटपाशी. नवऱ्याचं, प्रशीलचं, सायकलचं हेल्मेट लेकीच्या नाकावर उतरत होतं. सासूबाईंनी, म्हणजे केसरबाईंनी, कपाटातून मुलाचा लग्नातला जरीचा फेटा काढला, हेल्मेटवरून गुंडाळला आणि शेव हनुवटीखाली आवळली.

"आते डोकं पडी, पन हेल्मेट पडाव नही!"

तलावावर मित्रानं बादल नावाच्या घोड्याला गूळ भरवला आणि ऐटीत वर बसली. बादल चार पावलं चालला, थांबला आणि मान डोलवू लागला.

घोडेवाल्या वनाभाऊंनी कपाळावर हात मारला. "हाऊ फेटा कोनी बांधा? बादल लगीनसराईना घोडा शे, आक्का! फेटा दिसना की त्याले वाटस, वरात निंघनी. पुढे कोनी नाचनं तरच पाय उचलस."

"मग काढूया फेटा," वृषाली म्हणाली.

"काढला तर मी उतरणार!" मित्राचा खालचा ओठ बाहेर आला.

वनाभाऊंनी मोबाइलवर बँड लावला. केसरबाईंनी पदर खोचला. "चाल वं, वृषाली."

"आई, लोक बघताहेत!"

"मंग? वरात काय लपीछपी निंघस का?"

वृषालीनं लाजत एक हात उचलला. बादलनं एक पाय उचलला. मग तिनं चपला काढल्या. चोपड्याला मामाच्या वरातीत ती अशीच अनवाणी नाचली होती. डोक्यावर बत्त्या घेतलेल्या बाया, धुळीत मिसळलेला मोगऱ्याचा वास, आणि मागून वडिलांची हाक, "दमशी ना, बेटा!" आता तशी हाक मारणारं कोणी नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि गिरकी घेतली.

फिरायला आलेले एक आजोबा हळूच केसरबाईंजवळ सरकले. "मुलीकडचे कुठले?"

फेरी पुरी झाली. मित्रा रडली नाही.

घरी प्रशीलनं विचारलं, "मग, घोडा थांबवायला शिकलीस का?"

"घोडा लगेच थांबतो, बाबा," मित्रा म्हणाली. "आईच थांबत नाही."